4077 च्या दफ्तराची तपासणी

(तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची पडवी. संध्याकाळची वेळ. दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले शिरस्तेदार, कॉलेजात साहित्य शिकविणारे रसिक, आणि फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये उमेदवारीपासून चाकरी करून परतलेले सुभेदार. सुभेदारांच्या हाती वर्तमानपत्र आहे; ते वाचीत आहेत की त्याआड ऐकत आहेत, हे सांगणे कठीण.)

शिरस्तेदार : कोरियाच्या युद्धातील 4077 क्रमांकाच्या फौजी इस्पितळावरील ज्या ‘मॅश’ नामक अमेरिकी मालिकेच्या गुणवर्णनात या पडवीने यंदाचा अवघा पावसाळा काढला, जिच्या तबकड्या आपण मोठ्या औदार्याने मजकडे पाठविल्या, आणि जी मी आद्यंत, समोर कागद व हाती पेन्सिल घेऊन पाहिली, तिचे दफ्तर जर माझ्या कारकिर्दीत माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते त्रुटी दूर करण्यासाठी त्याच दिवशी परत पाठविले असते, असे खेदपूर्वक नमूद करतो.

रसिक : पेन्सिल घेऊन विनोद पाहणारा मनुष्य मी आजवर केवळ ऐकून होतो. बरे, सुरुवात कोठून करायची?

शिरस्तेदार : पहिल्याच दृश्यापासून. पडद्यावर अक्षरे येतात, कोरिया, सन 1950, शंभर वर्षांपूर्वी. मालिकेचा आरंभ 17 सप्टेंबर 1972 रोजी. बावीस वर्षांची शंभर वर्षे कोणत्या पंचांगाने होतात?

रसिक : अहो, ती वक्रोक्ती आहे! व्हिएतनामचे युद्ध त्या वेळी सुरूच होते. ज्या घरांत ती मालिका पाहिली जात होती, त्यांतील कित्येकांची मुले त्या रणात होती, आणि जे उघडपणे बोलणे वाहिनीला परवडणारे नव्हते ते एका जुन्या युद्धाचा अंगरखा चढवून बोलावे, या हेतूने लेखकाने ‘फार फार जुनी गोष्ट आहे हो’ असे डोळा मिचकावून सांगितले, एवढाच त्याचा भावार्थ.

शिरस्तेदार : भावार्थ असेल तर तो समासात लिहावा. असो. कोरियाचे युद्ध 25 जून 1950 रोजी सुरू झाले आणि 27 जुलै 1953 रोजी शस्त्रसंधी झाली. म्हणजे तीन वर्षे, एक महिना आणि दोन दिवस. मालिका मात्र 28 फेब्रुवारी 1983 पर्यंत, अकरा हंगाम. मूळ मुदतीच्या तिपटीहून अधिक काळ हे युद्ध चालविले, आणि मुदतवाढीचा एकही हुकूम दफ्तरात नाही.

सुभेदार : (वर्तमानपत्राआडून) आणि एवढ्या काळात बदली?

रसिक : झाल्या की! डॉक्टर ट्रॅपर गेला, डॉक्टर फ्रँक बर्न्स गेला...

सुभेदार : त्या हॉकआयची नाही झाली. कोरियात अमेरिकन फौजेचा हिशोब पॉइंटांवर होता. ठरलेले पॉइंट भरले की माणूस घरी. हा डॉक्टर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच. एक तर त्याचे पॉइंट कोणी मोजलेच नाहीत, नाही तर मोजणाऱ्याशी त्याचे वाकडे होते.

शिरस्तेदार : सुभेदारसाहेबांचा आक्षेप रास्त आहे, परंतु कर्नल पॉटर यांच्यापुढे तो काहीच नाही. पूर्वीचे अधिकारी हेन्‍री ब्लेक यांच्यानंतर पॉटर या छावणीवर आले, आणि त्यांची रुजू होण्याची तारीख 19 सप्टेंबर 1952 अशी स्पष्ट दिली आहे. पुढे एका भागात 1950 सालची अखेरची रात्र साजरी होते, आणि त्या मेजवानीत अध्यक्षस्थानी कोण? कर्नल पॉटर! रुजू होण्याच्या जवळजवळ पावणेदोन वर्षे अगोदर मनुष्य कामावर हजर! मी उभ्या आयुष्यात उशिरा येणारे अधिकारी पुष्कळ पाहिले. इतक्या लवकर आलेला हा पहिलाच. बरे, त्या मुदतीत हेन्‍री ब्लेक कोठे होते? एका खुर्चीवर दोन अधिकारी, आणि दोघांचाही पगार चालू.

रसिक : हा भाग मालिकेच्या नवव्या हंगामातला. तोवर लेखक बदलले होते, पात्रे बदलली होती. आणि कलेतील काळ हा घड्याळातील काळ नव्हे, असे आपल्या रसशास्त्रातही...

शिरस्तेदार : रसशास्त्राला मी हात लावीत नाही. परंतु 19 सप्टेंबर 1952 पासून शस्त्रसंधीपर्यंत दहा महिने आठ दिवस होतात, त्यांत नाताळ किती बसतात? एक. पॉटरसाहेबांनी मला तीन तरी सापडतील इतके साजरे केले. उरलेले नाताळ कोणाच्या खाती टाकू?

रसिक : माझ्या टाका.

शिरस्तेदार : नोंद घेतली. आता कंपनी कारकून रॅडार. हा मुलगा एके ठिकाणी ‘ॲव्हेंजर्स’ नावाचे चित्रमय मासिक उराशी धरून झोपलेला आहे. ते प्रथम प्रसिद्ध झाले 1963 साली!

रसिक : त्याला म्हणूनच तर रॅडार म्हणतात! हेलिकॉप्टर येण्यापूर्वी ज्याला त्याचा आवाज ऐकू येतो, त्याला दहा वर्षांनंतरचे मासिक आधी मिळाले, तर त्यात नवल ते काय?

(या युक्तिवादाने शिरस्तेदार क्षणभर थबकतात, पेन्सिल कानामागे जाते आणि पुन्हा खाली येते. वास्तविक रसिकाने येथेच थांबावयास हवे होते.)

रसिक : आणि असे पाहा, या सर्व क्षुल्लक बाबी आहेत. हॉकआय आपल्या घरी आरंभी आई आणि बहिणीला पत्रातून प्रेम पाठवितो, आणि पुढे तो एकुलता एक व लहानपणीच आईला पारखा झालेला ठरतो, मान्य! पण दुःखाची छाया गडद करण्यासाठी...

शिरस्तेदार : ही बाब मजजवळ नव्हती. आभारी आहे. (लिहितात.)

सुभेदार : (वर्तमानपत्र घडी करून) मी दोन-चारच भाग पाहिले. मला एकच कळले नाही. पुढची फळी इतकी जवळ आहे, रात्री तोफा ऐकू येतात, आणि तंबूंच्या मागे एवढी माणसे हसतात ती कोण?

रसिक : ती वाहिनीची सक्ती हो. निर्मात्यांना ते मुद्रित हसू मुळीच नको होते. हुज्जत घालून घालून त्यांनी एवढीच सवलत मिळविली की, शस्त्रक्रियेच्या तंबूत कोणी हसायचे नाही.

सुभेदार : म्हणजे शिस्त होती तर. बाकी ते केस पाहून मला झोप आली नाही. कानावरून खाली उतरणारे केस 1952 सालच्या कुठल्याच फौजेत नसत. ते डोंगरही कोरियाचे नव्हेत.

रसिक : कॅलिफोर्नियाचे. मालिबूजवळचे. 1982 च्या ऑक्टोबरात तेथे वणवा लागून छावणीची बहुतेक मांडणी जळाली, तेव्हा लेखकांनी तोच वणवा अखेरच्या भागाच्या कथेत गोवला.

शिरस्तेदार : म्हणजे मुद्देमाल जळाला, आणि जळाल्याचा पंचनामा मात्र कथेतच! हे मला मान्य आहे. दफ्तर असेच ठेवावे.

सुभेदार : आणि ‘मॅश’ या इस्पितळाच्या नावातला ‘एम’ म्हणजे ‘मोबाइल’ ना? फिरते इस्पितळ. युद्धाच्या पहिल्या वर्षात खरी मॅश इस्पितळे सारखी बिऱ्हाड हलवीत होती. हे क्वचितच हलले, आणि लगेच परत आले. लखनौला आमच्या सेंटरवर शिकत होतो तेव्हा जुने उस्ताद आपल्या साठ पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सची गोष्ट सांगायचे. 1950 च्या नोव्हेंबरात ती कोरियात पोचली, लेफ्टनंट कर्नल रंगराज कमांडर. प्योंगयांगहून माघारीचा हुकूम आला, गाड्या मिळेनात, आणि औषधे-हत्यारे टाकून निघायचे तर डॉक्टर करणार काय? तेव्हा यांनी एक आगगाडी धरली, सगळे सामान तिच्यात भरले आणि स्वतःच हाकीत दक्षिणेला आणले. पुढे 1951 च्या मार्चमध्ये त्यांच्यातले काही जण मुनसानीला अमेरिकन छत्रीवाल्यांबरोबर विमानातून उड्या मारून उतरले.

शिरस्तेदार : आगगाडी धरली म्हणजे? कोणाच्या सहीने?

सुभेदार : कोणाच्याच नाही.

शिरस्तेदार : रेल्वे खात्याची पावती?

सुभेदार : शिरस्तेदारसाहेब, मागे पूल उडवायची तयारी चाललेली होती.

शिरस्तेदार : मालिकेत हा प्रसंग दाखविला असता, तर मी त्याखाली ‘असंभाव्य’ असा शेरा निश्चितपणे मारला असता. (अस्वस्थपणे) तो आता कोठे मारू?

रसिक : तो शेरा तूर्त तहकूब ठेवा, आणि मला एवढेच सांगा, हेन्‍री ब्लेकच्या मृत्यूचा भाग आपण पाहिला, तेथे आपल्या पेन्सिलीने काय टिपले?

शिरस्तेदार : तो कारकून, रॅडार, शस्त्रक्रियेच्या तंबूत तोंडाला मास्क न लावता शिरला, हे टिपले.

सुभेदार : बरोबर. चूकच ती.

रसिक : आणि ब्लेकचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणी वाचले नाही, असे त्याने वाचून दाखविल्यानंतर, त्या नि:शब्दतेत एक हत्यार खाली पडल्याचा आवाज होतो, ते? चित्रीकरणाच्या वेळी ते कोणाच्या तरी हातून खरोखरीच निसटले. ठरविलेले नव्हते, आणि दिग्दर्शकाने ते तसेच राहू दिले. ती चूक नव्हे काय?

शिरस्तेदार : (कागद उलटसुलट करून) त्या पानावर मास्कनंतर काही लिहिलेले नाही. बहुधा पेन्सिलीचे टोक मोडले असावे.

(कोणी काही बोलत नाही, आणि ते बरे दिसत नाही म्हणून शिरस्तेदार घाईने पुढचे पान काढतात.)

शिरस्तेदार : आता खरी फिर्याद. या हेन्‍री ब्लेक यांच्या धर्मपत्नीचे नाव आरंभी मिल्ड्रेड. पुढे, कोणताही खुलासा न करता, लोरेन. ब्लेक निवर्तले. त्यांच्या जागी पॉटर आले. त्यांच्या धर्मपत्नीचे नाव काय? मिल्ड्रेड! यावर माझे प्रामाणिक अनुमान असे की, चार्ज देण्याघेण्याच्या यादीत कुलपे, शिक्के, दफ्तर यांच्याखाली अनवधानाने...

रसिक : शिव शिव! अहो, लेखकांना एक नाव आवडले, ते त्यांनी दुसऱ्या पात्रासाठी राखून ठेवले, इतकी साधी गोष्ट!

सुभेदार : साधी नाही ती, प्रोफेसरसाहेब. फौजेत बायकोचे नाव पार्ट टू ऑर्डरने चढते. लग्न झाले, ऑर्डर. मूल झाले, ऑर्डर. नाव बदलले, पुन्हा ऑर्डर. लोरेनच्या नावाची ऑर्डर निघाली नसेल, तर कागदावर अजून मिल्ड्रेडच आहे. आणि ब्लेकसाहेब तर गेले. आता पेन्शन कोणाला?

रसिक : (उसळून) लोरेनला! लोरेनलाच! तिची मुले आहेत हो पदरात! ब्लेकला घरी नेणारे विमान ते, आणि तिकडे ती बाई वाट पाहते आहे, आणि आपण येथे ऑर्डरी काय काढता!

शिरस्तेदार : उत्तेजित होऊ नये. दुरुस्तीचा मार्ग कायद्यात आहे. अर्ज, लोरेनबाईंचे प्रतिज्ञापत्र, वारस दाखला, आणि दोन इज्जतदार साक्षीदार.

रसिक : एक साक्षीदार मी.

सुभेदार : दुसरे पॉटरसाहेब. खुद्द मिल्ड्रेडबाईंचे यजमान, त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? फक्त एवढे ठरवा, त्यांची जबानी 1950 सालची घ्यायची की 1952 ची.