नाकाने कांदे सोलणारे

मुक्या प्राण्यांच्या अकलेबद्दल आपली मतं फार ठाम असतात. गाढव मठ्ठ, माशी निर्लज्ज, आणि शेजारच्या काकांचा मोती? त्याला दिसतच नाही! काका सोसायटीच्या हिरवळीवर लालभडक चेंडू फेकतात आणि मोती त्याच्या शेजारून दोनदा निघून जातो. "नाकासमोर आहे की रे गाढवा!" काका ओरडतात. एका दमात दोन प्राण्यांचा अपमान.

आता मोतीची बाजू. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. निळं आणि पिवळं त्याला छान कळतं. लाल नि हिरवं मात्र एकाच मळकट छटेत विरून जातं. चेंडू निळा आणायला हवा होता. पण चेंडू काकांच्या आवडीचा आहे.

नाकाचं नाव काढलं की मात्र आपण खाली मान घालावी. गंध टिपणाऱ्या पेशी आपल्याकडे ५०-६० लाख. काही जातींच्या कुत्र्यांकडे त्या ३० कोटींपर्यंत असतात. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय. तरी कोपऱ्यावरचा वडा खाऊन, हात धुऊन, बडीशेप चघळत मी घरी येतो. बायकोला पत्ता लागत नाही. मोती मात्र लिफ्टच्या दाराशीच माझ्या उजव्या खिशाला नाक लावून उभा राहतो. वडेवाल्याने दिलेले सुटे पैसे त्याच खिशात असतात. बायको कौतुकाने म्हणते, "किती माया आहे हो त्याची तुमच्यावर!"

माशी निर्लज्ज, कारण ती श्रीखंडावरून चालते. अहो, तिला पायांनी चव कळते! चालणं हेच तिचं चाखणं. माणसाला ही सोय असती तर दादर स्टेशनचा पूल कायम मोकळा राहिला असता. तिचे डोळेही तसेच अचाट. उजेडाची उघडझाप सेकंदाला साधारण ६०च्या पुढे गेली की आपल्याला तो सलग वाटतो. माशी २५०पर्यंतची उघडझाप वेगवेगळी टिपते. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटची सेकंदाला १०० वेळा होणारी फडफड तिला दिसते, म्हणजे आपला दिवाणखाना तिच्या लेखी गणपतीच्या मिरवणुकीतली लायटिंग. आणि तिच्यावर उगारलेला पेपर? तो इतक्या सावकाश खाली येतो की अग्रलेख वाचून, त्याच्याशी असहमत होऊन तिला आरामात उडता यावं.

जग एकच, पण ज्याच्या त्याच्या वाट्याला त्यातलं कामापुरतंच येतं, हे याकोब फॉन युक्स्क्यूल नावाच्या जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. त्याचं लाडकं उदाहरण गोचिडीचं. तिला डोळे नाहीत. जनावराच्या कातडीला येणारा एका आम्लाचा वास, अंगाची ऊब आणि केसांचा स्पर्श, एवढ्यात तिचं विश्व आटोपतं. त्यात शेजारी नाहीत, घरपट्टी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार नाहीत. मला तिचा हेवा वाटतो.

मग वाटतं, इंद्रियं वाढली की जगही वाढत असेल. समुद्रात मँटिस श्रिंप नावाचा प्राणी असतो. रंग ओळखणाऱ्या पेशी त्याच्याकडे तब्बल १२ प्रकारच्या. पैठणीच्या दुकानात अबोली, डाळिंबी, राणी, चिंतामणी अशी रास पडते आणि मला त्यात फक्त लाल नि निळा दिसतो. तेव्हा हा प्राणी सोबत असावा अशी माझी फार इच्छा होती. पण २०१४ साली संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली, तर जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखण्यात तो माणसापेक्षाही कच्चा निघाला. म्हणजे तोही माझ्या शेजारी गादीवर बसून "दोन्ही छान आहेत" एवढंच म्हणाला असता.

नाकाने कांदे सोलण्यात मात्र माणसाचा हात कोणी धरणार नाही. दूध नासलंय का हे ठरवायला आमच्याकडे पातेलं घरभर फिरतं. मी म्हणतो नाही, बायको म्हणते हो, सासूबाई निकाल राखून ठेवतात. मोतीला तो वास भिंतीपलीकडे आदल्या रात्रीच लागला असेल. तरी त्याने आम्हाला कधी मठ्ठ म्हटलेलं नाही.

माणसाची एक खोड मात्र कुणाकडे नाही: पोटाचा काही संबंध नसताना दुसऱ्याला जग कसं दिसतं याची उठाठेव. माशीला किती उघडझापी दिसतात हे शास्त्रज्ञ मोजत बसतात. माशीने शास्त्रज्ञाच्या डोळ्यांची चौकशी कधीच केलेली नाही. फार तर ती त्यांच्या टकलावर येऊन बसते, तेही चव बघायला.