नीलवंताची वाट

निवृत्त माणसाने सोसायटीच्या मोकळ्या जागेकडे फार वेळ बघू नये. त्याला कल्पना सुचतात. मला पार्किंगमागचं लॉन खुपायला लागलं. वार्षिक सभेत उभा राहिलो आणि गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं, असे एकेका झाडाचे पासपोर्ट तपासत सुटलो.

‘‘या लॉनवर कधी एखादा किडा तरी दिसतो का?’’ मी गरजलो.

‘‘नाही ना,’’ चेअरमन म्हणाले, ‘‘म्हणून तर ते ठेवलंय.’’

तरी जागा मिळाली, कारण माळ्याचा पगार वाचणार होता. मी कढीलिंब, बेल, रुई, शेवगा अशी इथलीच मंडळी गोळा केली. माकडलिंबू मागितलं तेव्हा नर्सरीवाल्याने आधी माझ्याकडेच नीट पाहून घेतलं. हा सगळा खटाटोप नीलवंतासाठी. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. असा मान फुलपाखराला देणारं देशातलं हे पहिलं राज्य. हे फुलपाखरू अंडी घालतं लिंबाच्या जातकुळीतल्या झाडांवर. पुस्तकात त्याचा फोटो पानभर होता. अळीचा मात्र टपाल तिकिटाएवढा, आणि माझा चष्मा जुना.

पहिला बोभाटा कढीलिंबाचा. तिथे नीलवंताची चुलत भावंडं आली. त्यांची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की पानाच्या रंगाची होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आमटीसाठी डहाळी तोडून नेली आणि पाचच मिनिटांत चाळणी हातात घेऊन दारात उभ्या.

‘‘भाऊ, हे तुमचं.’’

मी कौतुकाने बोट लावलं. अळीने डोक्यामागून लालभडक दुहेरी शिंग काढलं आणि असा उग्र वास सोडला, की आमची ही स्वयंपाकघरातून ‘‘गॅस बंद करा!’’ ओरडली.

रुईवर पट्टेरी अळ्या वाढत होत्या. रुईचा विषारी चीक पचवतात, म्हणून पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. पण शनिवारी सकाळी बघतो तो रुई भुंडी! भाविकांनी पानं खुडून माळा केल्या होत्या. माझी निम्मी प्रजा मारुतीच्या गळ्यात गेली. तक्रार कोणाकडे करणार?

आणि शेवगा. त्यावरच्या केसाळ अळ्या रात्री पाला खातात आणि दिवसा खोडावर एकमेकींना चिकटून झोपतात. सालीत अशा मिसळून जातात, की दिसतच नाहीत. सोसायटीतल्या पोरांना नेमकं हेच समजावताना मी खोडावर ऐसपैस हात टेकला. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी टेकवून घेतलं. कोपरापर्यंत गांधी उठल्या. पोरांना तो तास फार आवडला.

पावसाळा सरता सरता नीलवंत आला. तळहाताएवढा, काळ्या पंखांवर निळी झाक. मी दबक्या पावलांनी मागे. त्याने माकडलिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ वर गेला आणि चेअरमनच्या गॅलरीत, कुंडीतल्या घाणेरीवर बसून मध प्यायला लागला. घाणेरी! अमेरिकेतून आलेली, माझ्या भाषणातली एक नंबरची आरोपी.

‘‘या वर, चहा टाकतो,’’ चेअरमन कठड्यावरून म्हणाले. ‘‘इथून छान दिसतंय. आणि अंडी घालायची वेळ झाली की त्याला तुमच्याकडे पाठवतो.’’

‘‘अंडी मादी घालते,’’ मी खालून दुरुस्ती केली.

‘‘बरं, तिला पाठवतो. साखर किती?’’