जॅक्सनची सही

"काकू, मेथीच निवडताय ना? मग इकडे कुंपणापाशीच बसा की."

वहिनींचा आवाज असा खाली आला की विषय त्यांच्या दिरांचा, हे मी ओळखते.

"गावाकडचं घर पाडलं ना, तर माळ्यावरच्या पेटीत एक कागद निघाला. आमच्या आजेसासऱ्यांचे वडील पोलीस पाटील होते, त्यांच्या नेमणुकीची सनद. भावजी म्हणतात, खाली जॅक्सनची सही आहे! दोन लाख मागायचे म्हणतात."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. नाशकात जॅक्सन म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग आणि अनंत कान्हेऱ्यांच्या गोळ्या. तो कलेक्टर संस्कृत जाणणारा म्हणून लोक त्याला 'पंडित' म्हणत. त्याच्या हातची सही खरीच असेल तर हौशी गिऱ्हाईक नक्की मिळेल. मी बत्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये रुमालांची धूळ खाल्ली आहे, मला राहवेना.

"फोटो आहे का मोबाइलवर?"

होता. मी चष्मा पुसला. कागद छापील, मधल्या कोऱ्या जागा मोडीत भरलेल्या. घडीवर भोकं पडलेली, शाई करपून तपकिरी झालेली.

"अहो, असे फॉर्म गठ्ठ्यानं छापत. गावागणिक पाटील, पाटलागणिक कागद. सरकारी आहे, जुना आहे, एवढ्यावर कुणी पैसे मोजत नाही. सही कुणाची, कागद धड आहे का, त्यामागं काही गोष्ट आहे का, हे बघतात. आणि ही सही बघा, 'कलेक्टरकरिता'. कुणा हाताखालच्या साहेबाची दिसते."

"पण भावजी तर..."

"तारीख वाचली का त्यांनी? मोडी येतं कुठं त्यांना! फेब्रुवारी १९१० आहे. जॅक्सन डिसेंबरातच गेला. दोन महिन्यांनी वरून येऊन सही करून गेला होय?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसू की काय, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "आणि ते म्हणतात, या कागदावर पाटीलकीची जमीनही सुटेल."

"सुटते! मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला गेली. पोलीस पाटील आहेत अजून, पण १९६७च्या कायद्यानं वंशपरंपरा संपली. कागद घेऊन तलाठ्याकडे गेले तर चहा मिळेल फार तर."

"लंडनचा कुणीतरी घेईल म्हणत होते."

"तेवढं मात्र करू नका म्हणावं. पंचाहत्तर वर्षांवरचा ऐतिहासिक कागद १९७२च्या कायद्यानं पुरावस्तूत धरतात, परदेशी धाडला तर पोलीस दारात. पाटलाच्याच घरी पोलीस, कसं दिसेल?"

त्या फोटो पुढं सरकवत होत्या. एकदम मागच्या बाजूचा आला. त्यावर कुणीतरी बोरूनं दाटीवाटीनं खरडलेलं.

"थांबा. हे काय?"

"ते ना, घाण आहे. किडामुंगीसारखी अक्षरं. भावजी म्हणाले, मागच्या बाजूला कोण बघतंय."

मी फोटो मोठा केला. निम्मं धूसर होतं. पण 'पलेग' हा शब्द लागला, 'गाव रानात' लागलं, खाली नावं आणि आकडे. कोण कुठल्या शेतात झोपडी घालून राहिलं, त्याची यादी असावी. गावाच्या कोणत्याही दप्तरात नसेल असा मजकूर, पाटलानं सरकारी कागद हाताशी सापडला म्हणून पाठीवर उतरवलेला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवला असता तर त्यांनी पहिल्यांदा तो उलटा केला असता.

"वहिनी, हेच खरं मोलाचं. कागद आहे कुठे?"

"भावजी सकाळीच घेऊन गेले. फ्रेमवाल्याकडे."

"नुसती काच लावायला?"

"नाही हो. मध्ये फुगतो म्हणाले. पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून..."

वाक्य पुरं न करताच वहिनी उठल्या. फोन कानाला, एका पायात चप्पल, दुसरी कुंपणाशीच राहिली.