वाकायचं कोणी?

कर्जत-खालापूर भागात कुत्र्याला आंघोळ घालणं ही गोष्ट तशी नवी. आमच्या लहानपणी गावात मोती, वाघ्या, राजा असे कुत्रे असत आणि त्यांच्या आंघोळीचं खातं पूर्णपणे पावसाकडे होतं. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मोती पागोळ्यांखाली उभा राहायचा, मनसोक्त भिजायचा, पडवीत येऊन अंग झाडायचा, त्याबद्दल आजीच्या शिव्या खायचा आणि चुलीपुढच्या कोमट राखेत वेटोळं करून पडायचा. झाली आंघोळ. उरलेले आठ महिने तो कोरडाच असे आणि त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही.

आंघोळ घालायची ती म्हशीला. खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडणारं टाटांचं पाणी १९१५ पासून पाताळगंगेला मिळतं, त्यामुळे खालापूरच्या बाजूला भर मे महिन्यातही नदीला पाणी. म्हैस आपल्या पायांनी नदीत उतरायची, मालक कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा आणि पेंढ्याच्या बोळ्यानं तिची पाठ घासायचा. म्हैस चारपाचशे किलोची, पण तिला धुऊन कुणाची कंबर धरल्याचं ऐकलं नाही. कारण उघड आहे. म्हशीची पाठ माणसाच्या छातीला लागते. तिला धुताना माणूस ताठ उभा असतो.

आता जे जनावर आलं आहे ते पाचसहा किलोचं आहे, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आहे, आणि त्यानं अख्खी आळी आडवी केली आहे.

हे बुटके कुत्रे इकडे दोन वाटांनी आले. एक वाट फार्महाऊसची. कर्जत-चौक रस्त्यावर दर फर्लांगाला एक बंगला आणि बंगल्यावर ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी. शनिवारी मुंबईहून मोटार येते, दार उघडतं, आधी कुत्रा उतरतो, मग माणसं. पग, पॉमेरियन, शित्झू, डॅशहंड. केसांना क्लिप लावलेला शित्झू भाताच्या खाचरात शिरून बाहेर येतो तेव्हा पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे शेपूट हलेपर्यंत कळत नाही.

दुसरी वाट जास्त घरगुती आहे. मुलं हट्ट करून पिल्लू आणतात. “आम्ही करू सगळं, बाबा, तुम्ही फक्त बघा.” मग मुलं शिकायला पुण्याला जातात, नोकरीला ठाण्याला जातात, कुणी त्याहून लांब. पिल्लू कर्जतलाच राहतं. बाबा निवृत्त होतात आणि बघता बघता सगळं करू लागतात. कुत्र्याला आंघोळ घालताना कंबर का धरते याची डॉक्टरी कारणं पुढे सांगतो, पण खरं कारण हे आहे: कुत्रा विशीतल्या माणसानं आणलेला असतो आणि धुणारा साठी उलटलेला असतो.

आमच्या दहिवलीत एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर आहेत. हल्ली लोको पायलट म्हणायचं, पण ते स्वतः ड्रायव्हरच म्हणतात. हयातभर बँकर चालवले. कर्जतकरांना बँकर म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तो पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला एका इंजिनाच्या जोरावर चढवत नाही, म्हणून कर्जतला तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती तिला ढकलत वर नेतात. तर या काकांच्या वाट्याला मुलीची शित्झू आली आहे. नाव कुकी. रविवारी सकाळी काका मोरीत पाटावर बसून, अर्धे वाकून, कुकीला धुवायचे. धुणं जमायचं, नंतर उठणं जमायचं नाही. मग आतून हाक यायची, “अगं, बँकर लाव!” आणि काकू पाठीमागून येऊन त्यांना उभं करायच्या. वंदे भारतला घाटात बँकर लागत नाही असं कुणी म्हटलं की काका म्हणत, “ती २०२३ ची आहे. मी ५४ चा.”

पाचसहा किलोच्या कुत्रीनं कंबर कशी मोडते, हे काकांना पटत नसे. त्यांचा हिशेब वजनाचा होता आणि इथे वजनाचा प्रश्नच नाही. स्वीडनमधले आल्फ नाकेमसन नावाचे हाडांचे सर्जन १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजत होते. (ज्यांनी सुई घालू दिली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.) माणूस सरळ उभा असताना तो दाब १०० धरला, तर उताणं झोपल्यावर तो २५ वर येतो, आणि उभ्यानं नुसतं पुढे झुकलं की १५० वर जातो. हातात काहीही नसताना. हातात वजन घेऊन झुकलं तर त्याहूनही वर. म्हणजे कुकीनं काकांच्या पाठीचं काही बिघडवलेलं नव्हतं. काका रिकाम्या हातांनी तसेच वाकून वीस मिनिटं फरशी न्याहाळत बसले असते तरी हेच झालं असतं. पन्नास किलोची तांदळाची गोण उचलताना आपण गुडघ्यात वाकतो, श्वास रोखतो, शेजारच्याला हाक मारतो. कुत्रा मात्र बोलता बोलता, कमरेतून वळून, एका हातानं उचलतो. गोणीचा मान कुत्र्याला मिळत नाही आणि त्याची शिक्षा आपल्याला होते.

उपाय सांगितला तो भिसेगावहून कामाला येणाऱ्या मावशींनी. आषाढाचे दिवस, मावशी आवणीवरून आल्या होत्या. दिवसभर घोटाभर चिखलात उभं राहायचं, कमरेतून वाकायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं एकेक चूड चिखलात रोवत मागे मागे सरकायचं, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद. ज्यांनी एक दिवसही आवणी केली आहे त्यांच्यासमोर पाठदुखीबद्दल बोलू नये, एवढी समज काकांना होती. पण कण्हणं तोंडातून निघून गेलं.

“काय झालं काका?”

“काही नाही मावशी. कुकीला आंघोळ घातली.”

“मग तुम्ही कशाला वाकताय? तिला वर घ्या ना.”

“म्हणजे?”

“अवो, आम्ही वाकतो ते भातासाठी. भात काय उचलून वर ठेवता येत नाही. कुत्री येते ना!”

एवढं बोलून मावशी भांडी घासायला गेल्या. उभ्यानं. काकूंनी त्यांच्यासाठी मोरीबाहेर सिमेंटचा कट्टा बांधून घेतलेला आहे, तो काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

मावशींच्या बोलण्यात एक पोटदुरुस्ती सुचवायला हवी. भात वर ठेवता येत नाही हे खरं, पण वाकणं वाचवता येतं, हे आमच्याच तालुक्यात सिद्ध झालेलं आहे. नेरळच्या सगुणा बागेच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची ‘एसआरटी’ पद्धत काढली. चिखलणी नाही, आवणी नाही. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडायची आणि बी थेट टोकायचं. त्यांचा मुख्य कळवळा जमिनीसाठी, गांडुळांसाठी. पण बायांच्या पाठींचं जे भलं झालं ते झालंच. वाकणाऱ्याला व्यायाम सांगण्यापेक्षा कामच बदलावं, असं सुचणारी माणसं आमच्या तालुक्यात आधीपासून आहेत. कुत्र्यांच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

कुकीला वर घ्यायचं ठरलं, पण कशावर? पहिली सूचना स्वयंपाकघरातल्या सिंकची होती. उंची अगदी बेतशीर, वर गरम पाण्याचा नळ. परदेशात लोक सर्रास तसंच करतात असं मुलीनं फोनवर सांगितलं. काकूंनी एकच वाक्य उच्चारलं, “त्यात मी तांदूळ धुते.” विषय संपला. भांड्यांच्या कट्ट्याला मावशींनी नकार दिला, तोही रास्तच. शेवटी मिळाला तो घराचा जुना ओटा. आमच्याकडची जुनी घरं पावसाच्या धाकानं उंच जोत्यावर बांधलेली. अंगणात उभं राहिलं की ओटा बरोबर कमरेशी येतो. आजोबांनी बांधताना पुराचा विचार केला होता, शित्झूचा नव्हे. पण माप चुकलेलं नाही.

आता ओट्याच्या कडेला प्लॅस्टिकचा टब ठेवतात, त्यात ओलं गोणपाट. हे गोणपाट फार महत्त्वाचं. लोकांना वाटतं कुत्रा पाण्याला भितो. निम्म्या वेळा तो घसरण्याला भीत असतो. गुळगुळीत टबात चारही पाय चार दिशांना जायला लागले की तो धडपडतो, मालक त्याला सावरायला झेपावतो आणि तिथेच मालकाच्या पाठीत उसण भरते. पायाखाली खरखरीत काही असलं की कुत्रा निम्मा शांत होतो. उरलेला निम्मा शांत होत नाही, म्हणून एक हात कायम त्याच्या अंगावर हवा. ओट्यावरून उडी मारली तर पाय त्याचा मोडेल. तांब्या, पातळ करून ठेवलेला कुत्र्यांचा शाम्पू, दोन टॉवेल हे सगळं आधीच हाताशी. माणसाचा साबण नको. आपली कातडी किंचित आम्लधर्मी, कुत्र्याची जवळजवळ उदासीन, आपल्या साबणानं त्याला कोरडी खाज सुटते. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहावं. कानांत कापसाचे बोळे. बोटं केसांतून त्वचेपर्यंत फिरवायची, कारण शाम्पूइतकंच महत्त्वाचं काम गोचीड शोधण्याचं. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. आमच्याकडे गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड नसेल तर पुन्हा एकदा बघावं.

आणि डोकं सर्वांत शेवटी भिजवायचं. चेहरा-कान भिजले की कुत्रा अंग झाडतो, आणि तो झाडायला लागला की त्याला थांबवणं कुणाच्याही हातात नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ साली यावर चक्क निबंध प्रसिद्ध केला. उंदरापासून अस्वलापर्यंत प्राणी भिजवले आणि वेगवान कॅमेऱ्यानं टिपले. जनावर जितकं लहान तितकं ते भराभर झाडतं: लॅब्राडोर सेकंदाला चारेक वेळा, उंदीर तीसेक वेळा. कुत्र्याच्या अंगावरचं सुमारे ७० टक्के पाणी काही सेकंदांत उडून जातं. कुठे जातं ते संशोधकांनी लिहिलेलं नाही. आमच्याकडे ते काकांच्या चष्म्यावर जातं.

त्यानंतरचा भाग पुष्कळ जुना आहे. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी पोळी घशाशी अडकू नये म्हणून. दहिवलीत रविवारी सकाळी टॉवेल घेऊन धावणारे किमान तीन गृहस्थ दिसतात. भूतदया तीच, आवाज मात्र नामदेवांइतका मवाळ नाही. कारण सुटलेला ओला कुत्रा सरळ मातीत जाऊन लोळतो. त्याला शाम्पूचा वास आवडत नाही. आपण गुलाबाचा वास देऊन त्याची ओळख पुसतो आणि तो ती शेणमातीतून परत मिळवतो. या मुद्द्यावर मी कुत्र्याच्या बाजूचा आहे. दर आठवड्याला आंघोळ ही मालकाची हौस. बहुतेक कुत्र्यांना महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात रोज पाय आणि पोट धुऊन पुसलं तरी भागतं, आणि तेवढ्याला वाकावंही लागत नाही. खुर्चीत बसून मांडीवर घेतलं की झालं.

डॅशहंडवाल्यांना मात्र वेगळं सांगायला हवं. तो कुत्रा जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी तयार केलेला, म्हणून पाय आखूड आणि पाठ लांब. त्याच्या मणक्यांतल्या चकत्या सरकण्याचा धोका इतर कुत्र्यांहून पुष्कळ जास्त. त्याला बगलांत धरून उचलायचं नाही; एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. त्या आंघोळीत जपायच्या पाठी दोन असतात, आणि दोन्ही दुखऱ्या असल्या तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

काका हल्ली आंघोळीनंतर आपले आपण उठतात, कारण ते बसतच नाहीत. फक्त एक अडचण उभी राहिली आहे. मुलीला घर दुरुस्त करायचं आहे. ओटा तोडून तिथे गुळगुळीत टाइल्सची सपाट पडवी करायची असं तिच्या मनात आहे. काका तयार नाहीत.

म्हणून ठाण्या-पुण्याच्या मुलामुलींना एक विनंती. शनिवारी कर्जत लोकलनं घरी येताना कुत्र्यासाठी स्वेटर आणू नका. इथल्या हवेत त्याला तो लागत नाही. एक कमरेइतक्या उंचीचं भक्कम टेबल आणा. आणि रविवारी सकाळी दोन तास आधी उठून आंघोळ तुम्ही घाला. कुत्रा तुमचा आहे.