कंपनी फिटेड

जुनी गाडी विकणाऱ्याची वाक्यं ठरलेली असतात : सिंगल हँड आहे, डॉक्टरांची आहे, आणि सगळं कंपनी फिटेड आहे. आमची २०११ ची व्हॅगनआर या तिन्ही वाक्यांसकट घरी आली. पहिलं वाक्य आरसी बुकाने खोडून काढलं. मी तिसरा मालक. दुसऱ्या वाक्याच्या वाटेला मी गेलो नाही, डॉक्टरांबद्दल आदर आहे म्हणून. तिसऱ्या वाक्याचा मात्र मी छडा लावायला घेतला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी कपाळाला टॉर्च बांधून मी गाडीखाली उताणा असतो. सोसायटीतले लोक जाता-येता 'बंद पडली का हो?' विचारतात. गाडी उत्तम चालते. संशोधन चाललंय, हे यांना कोण सांगणार? आमच्या हिने या छंदाला निवृत्तीनंतरचं दुखणं असं नाव दिलंय, आणि पाहुणा चहा संपवून उठला की मी त्याला पार्किंगकडे वळवू नये म्हणून ती दुसरा कप ओतते.

पण पाहुण्यांनो, ऐका. कंपनीची वायर काळ्या नळीतून, जागोजागी क्लिपा मारून, शिस्तीत कडेकडेने जाते. बाहेर बसवलेली वायर कर्णरेषेने जाते. कंपनीचा बोल्ट आपल्या भोकात बसतो. बाहेरचा स्क्रू स्वतःच भोक पाडून घेतो. मारुतीच्या अस्सल भागावर पाच आकडे, मग एम, मग पुन्हा आकडे-अक्षरं असा नंबर असतो. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के वाचावेत : आमच्या सगळ्या काचांवर एकाच कंपनीचं नाव आहे आणि मागच्या डाव्या दाराच्या काचेवर भलतंच. म्हणजे ती फुटली होती. खिडक्यांच्या रबरापाशी नख घातलं तर काळी चिकट किनार लागते. ती जुन्या फिल्मची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा पहिल्या मालकाने आपली हौस नवी असतानाच खरवडून काढली असणार.

सर्वांत मोठा शोध डिकीवरचा. आरसी बुकात गाडी एलएक्सआय आहे. डिकीवर बिल्ला व्हीएक्सआयचा! किंचित तिरका, दुकानातून आणून चिकटवलेला. कोणाला फसवायचं होतं त्याला? शेजाऱ्यांना? सासऱ्यांना? माणसाच्या पोकळ मोठेपणावर मी पाहुण्यांसमोर बरंच बोललो आहे. बिल्ला काढलेला नाही. शेजारच्यांकडे व्हीएक्सआय आहे.

आणि रिव्हर्स हॉर्न. इथे मला थोडा वेळ द्या. आमच्या गाडीत मागचा गिअर टाकला की 'फ्यूर एलिझ' वाजतं. बेटोव्हेनने ही चीज १८१० मध्ये लिहिली. त्याच्या हयातीत ती छापलीसुद्धा गेली नाही. पुढे ती काडेपेटीएवढ्या डबीत शिरून सुट्या भागांच्या दुकानात येईल आणि रात्री साडेअकराला सोसायटीच्या फाटकातून उलटी आत शिरेल, हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचावं? एके काळी आमच्या इमारतीत गाडी न बघता मालक ओळखता यायचा. तळमजल्यावरचे आरती लावून मागे यायचे, दुसऱ्या मजल्यावरचे 'सारे जहाँ से अच्छा'. मागे जाताना एवढं देशप्रेम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. यातलं एकही गाणं कोणी पहिल्या ओळीपुढे ऐकलेलं नाही, कारण तेवढ्यात गाडी लागते. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नवीन शिकत होत्या, तेव्हा आम्हाला अंतरा ऐकायला मिळाला. एकामागून एक वेगळे सूर काढणारे हॉर्न १९८९ च्या मोटार वाहन नियमांतल्या ११९व्या नियमाने केव्हाच वर्ज्य केलेत, पण या डब्यांना तो नियम कोणी वाचून दाखवला नसावा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले आणि आता सगळ्याच नव्या गाड्या एकाच सुरात टूंटूं करतात. असो. कोण आलं ते कळत नाही.

मागच्या डाव्या दाराशी, दोन दारांमधल्या खांबावर, एक स्टीलचं हँडल आहे. न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसांसाठी लावतात ना, तेच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी संतापलो. सीटबेल्टची गुंडाळी असते त्या खांबात, तिथे कोणी ड्रिल मारतं? मग टॉर्च जवळ नेला. बोल्टच्या कडा बोटांना लागू नयेत म्हणून त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर कापून चढवलंय, बारीक कात्रीने, गोल. आणि हँडलचा फक्त खालचा अर्धा भाग झिजून गुळगुळीत झालाय. धरणारं माणूस बुटकं असेल, किंवा वाकलेलं. नेहमी त्याच दाराने बसणारं.

आता आमची आई त्यालाच धरून चढते. 'कंपनीने हे एक बरं दिलंय हो,' म्हणाली. दुसऱ्याची माहिती दुरुस्त केल्याशिवाय मला सहसा जेवण जात नाही, पण तेव्हा मी गप्प बसलो.

म्हणूनच लाल वायरीचा राग जास्त आला. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली, करंगळीएवढी जाड, गालिच्याखालून थेट मागच्या सीटपर्यंत. कधी काळी तिथे अँप्लिफायर असावा. तो काढून नेला आणि वायरीचं टोक चिकटपट्टीत गुंडाळून तसंच सोडलं, जिवंत. आईच्या सीटखाली. मध्ये कुठेही फ्यूज नाही. बारा व्होल्ट हाताला जाणवतही नाहीत, पण असं टोक पत्र्याला टेकलं तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते आणि आधी गालिचा पेटतो. पेपरात 'चालत्या गाडीने अचानक पेट घेतला' असं छापून येतं. अचानक कसलं? कोणीतरी शे-दोनशे रुपयांचा फ्यूज वाचवलेला असतो. नाना पेठेतल्या आमच्या मेस्त्रींना ते टोक दाखवलं, तर म्हणाले, 'काका, दहा गाड्या उघडा, दोन-तीन अशाच निघतात.'

तेव्हा जुनी गाडी घेतली असेल तर हॉर्न, बिल्ले, आरसे सावकाश बघा. आज बोनेट उघडून बॅटरीच्या प्लसवरून निघणाऱ्या, बाहेर बसवलेल्या वायरी तेवढ्या तपासा. स्टार्टरकडे जाणारी कंपनीची जाड वायर बिनफ्यूजचीच असते, तिला हात लावू नका. बाहेरच्या ज्या वायरीवर वीत-दीड वीत अंतरात फ्यूज दिसत नाही, ती आजच सोडवा. मेस्त्री नसला तरी अडत नाही, दहाचा पाना पुरतो; फक्त आधी मायनस सोडवा, मग प्लस.