काकांच्या कानांनी

लेड झेपलिनचा चौथा अल्बम नोव्हेंबर 1971 मध्ये निघाला तेव्हा गायक रॉबर्ट प्लांट 23 वर्षांचा होता. ड्रम बडवणारा जॉन बॉनमही 23. मी 18 वर्षांचा असताना हे कोणी सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तेव्हा 23 हे मला चांगलंच जाणतं वय वाटे. आता चौसष्टी गाठलीये. 23 वर्षांचा मुलगा म्हणजे ज्याला मी सोसायटीच्या गेटात ‘स्कूटर जरा नीट लाव रे’ म्हणून हटकतो, तो. ज्यांना देव मानून भिंतीवर चिकटवलं होतं ते सगळे अचानक माझे पुतणे निघाले. त्यांचे अल्बम पुन्हा ऐकताना होणारी पंचाईत ही अशी आहे.

निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात, मी माळ्यावरचे खोके उतरवले. त्यात थोड्या एलपी आणि बाकी ढीगभर कॅसेटी. एलपी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या. ते दुकान 2016 साली बंद झालं, त्याबद्दल बोलायला लागलो तर लेख तिथेच अडकेल. कॅसेटी मात्र बहुतेक ‘भरून घेतलेल्या’. गिरगावात आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक गृहस्थ कॅसेटी भरून देत. कोरी टीडीके डी-90 आणि अल्बमचं नाव लिहिलेली चिठ्ठी द्यायची, आठवड्याने यायचं. एका बाजूला 45 मिनिटं. डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ भरतो जेमतेम 38. उरलेली टेप कोरी सोडणं त्या गृहस्थांना अन्नाची नासाडी केल्यासारखं वाटे, म्हणून ते पुढे स्वतःच्या मनाने बोनी एम भरत. परिणाम असा, की ‘स्पेस ट्रकिन’ संपलं की माझे कान आजही बोनी एमची वाट बघतात. मुलाने फोनवर हाच अल्बम लावून दिला. आवाज लखलखीत. पण शेवटी बोनी एम नाही म्हटल्यावर तो मला अर्धवटच वाटतो.

‘मशीन हेड’ची जन्मकथा तेव्हा आम्हाला तोंडपाठ होती. डिसेंबर 1971. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी, जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या कॅसिनोत हे लोक रेकॉर्डिंग करणार होते. आदल्या कार्यक्रमाला फ्रँक झापा वाजवत असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून गेला. पाण्यावर पसरलेल्या त्या धुरावरून झालेलं गाणं आज गिटार हातात घेणारा प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात वाजवतो आणि घरचे दुसऱ्या आठवड्यात दार लावून घेतात. कॅसिनो गेल्यावर मंडळी गावातल्या एका थिएटरात घुसली. मध्यरात्रीपर्यंत तो दणदणाट ऐकून शेजारपाजारचे उठले आणि त्यांनी पोलीस बोलावले. पोलीस बाहेरून दार ठोठावताहेत, बँडची माणसं आतून दार दाबून उभी आहेत आणि वाजवणं चालूच. शेवटी तिथूनही हकालपट्टी झाली. मग थंडीमुळे रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून बाकीचा अल्बम झाला. रेकॉर्डिंगचा ट्रक, रोलिंग स्टोन्सकडून भाड्याने घेतलेला, बाहेर उभा. आत वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागे. त्यांनी कंटाळून ऐकणंच सोडून दिलं.

गिरगावात ही गोष्ट सांगताना आम्ही सगळे दाराच्या आतल्या बाजूला असायचो. दार दाबून धरणाऱ्यांत आमचाही खांदा असे. परवा पुन्हा ऐकायला बसलो आणि मनात पहिला विचार आला तो त्या शेजाऱ्यांचा. ऐन थंडीत, रात्री, सरोवराकाठच्या शांत गावात कोणी एक सद्गृहस्थ पायजम्यावर कोट चढवून फोनपाशी गेले असतील. त्यांचं नाव कुठल्याही कव्हरवर नाही. गणपतीत आमच्या इमारतीसमोर डीजेची भिंत उभी राहते तेव्हा मीही असाच फोन लावतो. पलीकडचा हवालदार ‘काका, बघतो’ म्हणतो, बघत कोणीच नाही. माँत्रोचे पोलीस निदान दारापर्यंत तरी गेले.

अर्थात हा सगळा विचार आवाज वाढवता वाढवताच केला. जॉन लॉर्डचा ऑर्गन कमी आवाजात ऐकण्याची वस्तू नाही.

मग ‘डार्क साइड ऑफ द मून’ काढला. पिंक फ्लॉइड, मार्च 1973. ‘टाइम’ गाण्याच्या आरंभी एकदम डझनावारी घड्याळं वाजू लागतात. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगवेगळं टिपून आणलं होतं. ‘अहो, दुपारचा गजर कोणी लावलाय?’ स्वयंपाकघरातून विचारणा झाली. गाण्याचा मथितार्थ असा, की बाबा रे, आयुष्य नुसतं बसून घालवलंस आणि दहा वर्षं कधी गेली ते कळलंच नाही. 18 व्या वर्षी हे ऐकून मी पार हादरलो होतो; दहा वर्षांपूर्वी आपण तिसरीत होतो आणि तेव्हापासून काहीच केलं नाही, हे पटलं होतं. आता हिशेब केला. रॉजर वॉटर्सने हे लिहिलं तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. दहा वर्षांचं काय घेऊन बसलास, असं म्हणावंसं वाटलं. पण गप्प बसलो. 21 व्या वर्षी समाधी घेतलेल्या मुलाला आपण सातशे वर्षं माउली म्हणत आलो. आपण तरी वयावरून कोणाचं शहाणपण काढू नये.

त्याच अल्बमवरचं ‘मनी’ सुरू झालं की मला पैशांची नाही, वडिलांची, म्हणजे अप्पांची आठवण होते. गाण्याच्या सुरुवातीला गल्ल्याचा आणि नाण्यांचा खुळखुळाट ठेक्यात येतो. त्या पोरांनी नाणी भांड्यात टाकून, कागद फाडून असे आवाज टिपले, मग त्या टेपचे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे तुकडे केले आणि जोडून त्यांचं एक वेटोळं बनवलं. सात आवाज, सात मात्रा. अप्पा भीमसेनांच्या पलीकडे फारसं न जाणारे. माझ्या संगीताला ते ‘तुझा कारखाना’ म्हणत. हे गाणं लावलं त्या दिवशी मात्र पेपर वाचता वाचता त्यांची बोटं हलायला लागली.

‘सात आहेत रे. रूपकासारखं चाललंय.’

मी उडालोच. मग त्यांनी पेपर खाली ठेवून उरलेलं गाणं ऐकलं. ‘सम कुठे दाखवत नाहीत लेकाचे,’ एवढी तक्रार केली. सॅक्सोफोनवाला त्या सातातच घुमला, तेव्हा मान डोलावली. पुढे गिटारची फेरी सुरू झाली आणि ताल सातावरून चारावर आला, तसे अप्पा समाधानाने हसले. ‘दमले! केरव्यावर आले बघ.’

डेव्हिड गिलमोरच्या त्या तुकड्याची वाखाणणी आजवर पुष्कळ वाचली आहे. पण तो सुरू झाला की मला ‘दमले’ एवढंच ऐकू येतं. अप्पा तेव्हा पन्नाशीचे होते, म्हणजे आजच्या माझ्यापेक्षा चांगलेच लहान. हेही नवीनच कळलं.

या सगळ्या संग्रहात माझ्या वयाचा माणूस एकच. तो ना गातो ना वाजवतो. झेपलिनच्या त्या चौथ्या अल्बमच्या कव्हरवर, पापुद्रे निघालेल्या भिंतीवर एक तसबीर आहे. तीत पाठीवर काटक्यांची भली मोठी मोळी घेतलेला, वाकलेला म्हातारा. कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. तो कोण, हे पन्नास वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. 2023 साली एका इंग्रज इतिहास-अभ्यासकाला 1892 च्या सुमाराचा मूळ फोटो सापडला आणि उलगडा झाला, की हा विल्टशर परगण्यातला लॉट लाँग, घरं शाकारणारा. लोक या अल्बमवर स्वर्गाचा जिना शोधत राहिले. मी आता कव्हर हातात घेतलं की त्याच्या कमरेचा विचार करतो.

शेवटी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची दुसरी बाजू. तीत खुद्द माझ्या वयावरच गाणं आहे. 64 व्या वर्षी केस गळलेले, बागेतलं तण उपटणं, घरातला फ्यूज बदलणं, मांडीवर नातवंडं, असं वार्धक्याचं चित्र पॉल मॅकार्टनीने पोरवयातच रंगवलं होतं आणि 1967 च्या या अल्बमवर घेतलं. केसांचा अंदाज बरोबर निघाला. बाग म्हणजे खिडकीत तुळस आणि कढीपत्ता. फ्यूज बदलण्यात मी एके काळी तरबेज होतो, आता एमसीबी आले आणि ती प्रतिष्ठा गेली. स्वतः मॅकार्टनीने मात्र ते चित्र मुळीच मनावर घेतलं नाही. जून 2022 मध्ये 80 वा वाढदिवस झाला आणि आठवड्याभरात तो ग्लास्टनबरीच्या रंगमंचावर अडीच तासांहून जास्त उभा राहून गात होता.

मला इतका वेळ नुसतं बसून ऐकणंही जमत नाही. अर्ध्या तासाच्या आत एकदा उठून चार पावलं चालायचं, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. सुदैवाने एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते आणि उलटायला उठावंच लागतं.