गोड गळ्याची सक्ती

बाईने गायचं तर गळा गोडच हवा, ही सक्ती मोडीत काढायला हवी. आजच.

निमित्त आहे 'पेट्रोल गर्ल्स' या पोस्ट-हार्डकोअर रॉक बँडच्या 'बेबी' या अल्बमचं. जून २०२२ मध्ये तो आला. त्यात गायिका रेन आल्ड्रिज गाते, मध्येच बोलते आणि मग असा आवाज लावते की गिटारही मागे सरकते. आपल्याकडे कुणाला ऐकवा, पहिलं वाक्य ठरलेलं: ही किंचाळते कशाला? दुसरं त्याहून वाईट: बाई असून जबरदस्त आहे हं! त्या 'असून'मध्येच सगळा तुच्छपणा भरलाय. अशा बँडवर 'फीमेल-फ्रंटेड' अशी चिठ्ठीही डकवली जाते. पुरुष ओरडतात, त्या बँडवर चिठ्ठी कुठाय?

बँडच्या नावालाही इतिहास आहे. १८७१ साली पॅरिस कम्यूनच्या वेळी बायकांनी रॉकेल ओतून शहर पेटवलं, असा आळ घेतला गेला आणि त्यांना 'पेत्रोलूझ' म्हटलं गेलं. तो आळ या बँडने नाव म्हणून मिरवला.

'बेबी'मधल्या एका गाण्यातली बाई आपण गर्भपात केलाय हे उघड सांगते. रडत नाही, माफी मागत नाही. अल्बम आला त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतचा हक्क अविवाहितेलाही आहे असं स्पष्ट सांगितलं. तरी तालुक्याच्या दवाखान्यात एकटी मुलगी 'मला गर्भपात करायचाय' हे वाक्य आजही कुजबुजत बोलते. म्हणून गर्भपाताचं कुणीतरी माईकवर, भर आवाजात म्हणायला हवं. या गाण्याला गोड चाल लावली असती तर ते खोटं पडलं असतं.

आणि ओरडणं म्हणजे नुसता घसा फाडणं नव्हे. पोटातून श्वास, गळ्यावर ताण नाही, स्वरयंत्रातल्या खऱ्या पडद्यांच्या वर असलेल्या खोट्या पडद्यांचा वापर: हे शिकावं लागतं. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने २००५ साली त्याची शिकवणी डीव्हीडीवर आणली. रोज घोटावं लागतं ते. गाण्यात अशा घोटण्याला आपण रियाज म्हणतो, मग इथे म्हणायला जड का जातं?

आणि आपल्याकडच्या, उदाहरणार्थ रायगडातल्या कासूच्या माणसाला तर हा आवाज परका वाटायचं कारणच नाही. पेण आणि नागोठण्याच्या मधलं हे स्टेशन, आगरी मुलखातलं. इथल्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढचे विधी ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गात पार पाडते. वाद्य नाही, साथीला बायका, आणि आवाज मोकळा, उघड्यावर पोचणारा. तिचा गळा गोड आहे का, हे मांडवात कुणी विचारत नाही. विधी तिच्या तोंडून पुढे सरकतो, एवढं पुरतं. २००८ साली पेण तालुक्यातली बावीस गावं सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) लढत होती तेव्हाही बायांचा आवाज सगळ्यांना हवा होता. मांडवात चालतो, मोर्चात चालतो. तोच आवाज मुलीने स्टेजवर स्वतःच्या गाण्यासाठी लावला की कर्कश कसा होतो?

आणि ज्या धवलारणीचा अभिमान सांगतो, तिचं काय करतो आपण? हळदीला डीजेच्या भिंती उभ्या करतो आणि तिला त्या आवाजाखाली गाडतो. कासूत पुढची हळद असेल तिथे डीजे तासभर बंद ठेवा. धवलारणीला माईक द्या. मानधनही डीजेच्या बरोबरीचं, आणि ते आधी हातात.